पांढरीची माती

२ ऑक्टोबर १९३३. भवानी पेठ, सोलापूर.
शिडी, लाकडी पेटी, चौरंग, पाण्याच्या तीन पन्हळी आणि एकनाथचा पाळणा, एवढे माझ्या हातचे. वैरागहून येताना हे सामान गाडीत सर्वांत वर रचले; भांडीकुंडी खाली. सुतारकी मला कोणी शिकवली नाही. दुसऱ्याचे काम पाहिले आणि त्याच्याहून बरे केले. आता गिरणीत मेस्त्री म्हणून लागलो, आणि हे घर स्वस्तात मिळाले. दोन खोल्या, वर मातीचे सपाट माळवद. अनसूया भलतीच खूष आहे. पाळणा मधल्या तुळईला टांगला, तसा तीन महिन्यांचा एकनाथ कुरकुर न करता झोपला. वाकावे लागू नये म्हणून पाळण्याची कड बरोबर अनसूयेच्या कमरेशी येईल अशी दोरी मी मापून घेतली.

५ ऑक्टोबर.
मद्रासकडून स्टेशनात तार आली म्हणे. समुद्रावर मोठे वादळ उठले आहे, ते आपल्याकडेही झोडपणार. पेठेतले सगळे माळवदावर चढले आहेत. आमचे तर पार धुपलेले. नवी माती घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

६ ऑक्टोबर.
शहराबाहेर ईश्वरप्पाच्या रानात एका उजाड गावाची पांढर आहे. पडून विरघळलेल्या भिंतींचीच ती माती. पाणी झिरपू देत नाही, म्हणून माळवदाला तीच लागते. ईश्वरप्पाने बजावले, की कडेची, पावसाने आपसूक ढासळलेली तेवढी न्या. मध्ये कुदळ लावायची नाही, आजवर कोणी लावलेली नाही. कडेच्या मातीत नुसते खडे. असल्या मातीच्या कामाला मी माझे नाव लावणार नाही. तो भाकरी खायला गेला तेव्हा मी मधून खणली. पिठासारखी माती! खणताना एक चूल लागली, राखेसकट. तीही गाडीत गेली.
संध्याकाळपर्यंत चोपून माळवद असे केले की पेठेतली माणसे पाहून गेली.

७ ऑक्टोबर.
सपाट केलेल्या मातीला आज उंचवटे आले आहेत. सरळ रेषेत, काटकोनात. मी दोरी धरून काम करतो. माझ्याकडून असे राहणार नाही. पुन्हा चोपले.
अनसूया म्हणते पाळणा वर गेला आहे. दमट हवेने दोरी आखडली असेल. दोरी सोडून बेताची केली.

८ ऑक्टोबर.
उंचवटे आज वीतभर. त्यांत दारापुरती जागा सोडलेली आहे. एका कोपऱ्यात चूल.
पाळणा अनसूयेच्या छातीशी आला आहे. ओझ्याने तुळई खाली वाकते. ही वर वाकली आहे.
दुपारी ती म्हणाली, वर चोपण्याचा आवाज किती वेळ चाललाय, पोर झोपत नाही. मी तेव्हा वरच होतो, एकटा, हात बांधून उभा.
तिला वैरागला भावाकडे जायचे आहे. मी म्हटले, स्वतः नीट केलेले घर सोडून वाऱ्याला भिऊन पळालो तर गिरणीत तोंड कसे दाखवू. ती म्हणाली, “तुम्हाला माळवद राखायचंय. मला पोर राखायचंय.”
वादळ ओसरले की पोचवतो म्हणालो.

९ ऑक्टोबर.
वारा. वर भिंती कमरेएवढ्या. चोपणे मारले तर माझेच मनगट मुरगळले.
ईश्वरप्पा रिकाम्या गाड्या घेऊन आला. मी कडेचीच माती नेली असे सांगितले. तो खांबाला हात लावून वर बघत राहिला.
“मेस्त्री, ती माती न्हाय, घरं हायती,” म्हणाला. “भिंती उठल्या. आता ती छप्पर कुठनं आनत्याल?”
त्याला परत पाठवला.

१० ऑक्टोबर.
पाऊस धो धो. भर दुपारी दिवा लावला आहे. तुळया भिंतीतून सुटत आहेत — खाली नाही, वर.
गल्लीचे पाणी घरात. विंचू निघाले, म्हणून एकनाथला पाळण्यात ठेवले, दुसरीकडे कुठे ठेवणार. दाराची चौकट तुळईबरोबर वर ओढली गेली आहे. दार हलत नाही. कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

तोच दिवस —
पोराला पाळण्यातून काढले. पाळणा चढायचा थांबला नाही. रिकामाच वर — माळवदाच्या फळ्यांच्या फटीतून — गेला.
वर अंगाई. बाईचा आवाज. एकनाथ रडायचा थांबला.
पाणी गुडघ्याच्या वर.

दोरी पुन्हा खाली आली आहे. पाळण्यासकट. आत कोरडे अंथरूण, आमचे नव्हे —
अनसूया पेटीवर चढली. पोर दोन्ही हातांवर. म्हणते, वर कोरडं आहे हो, चूलसुद्धा पेटलीय —
कोनाड्यात वही ठेवून लिहितो. दुसऱ्या हातात तिचा पदर. पदर ताणला आहे. हाक मारतो, ती तिला ऐकूच जात नाही —

ईश्वरप्पा काल म्हणाला होता, माती मी परत नेतो, गाड्या माझ्या, वर नवे पत्रे घालून देतो. आणि पोराच्या नावाने रोख रुपये दोनशे. मी म्हटले, माझ्या हातचे काम मोडायला देत नाही. दोनशे रुपये, आणि पत्रे, आणि मी नको म्हटले —