परसातल्या वाफ्यांची वाटणी

मी, सौ. श्यामला विष्णु टिपणीस, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार अष्टमी, तालुका रोहा, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे होते ते लिहायला बसताना बाजूला ठेवले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. अष्टमीचे राहते घर मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिले असून ते केवळ माझ्या मालकीचे आहे. माझे यजमान श्री. विष्णु यांना त्यात हयातभर राहता येईल. राहू देऊ नये असेही मनात येऊन गेले. पण तसे करत नाही. त्यांच्या पश्चात घर माझी मुलगी उर्वी, राहणार पेण, हिचे.

२. परसाची व्यवस्था वेगळी आहे, म्हणून खुलाशासह लिहिते. निवृत्त झाल्यावर मी परसात भाजी लावायला घेतली. तिथे बांधकामाचा राडारोडा पडलेला. यजमान म्हणाले, "बाजारात भाजी मिळत नाही का? मास्तरणीने आता खुरपं धरायचं?" मी एकटीने विटांचे तुकडे वेचले, पालापाचोळा आणि भाज्यांची साले कुजवून खत केले. ("घरात उकिरडा," इति यजमान.) पहिली मेथी भर पावसात पेरली, ती कुजली. पुढच्या खेपेला वाफे उंच केले आणि लाल माठ टाकला. तो आला. मग भेंडी, दुधी, पडवळ.

३. समोरच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या श्रीमती सगुणा शिवा म्हात्रे मूळच्या धरमतरच्या खाडीकाठच्या. एकदा कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आमच्या दारात मीठ पिकायचं, भाजी नाय. मला एक वाफा द्याल?" दिला. त्यांनी वांगी लावली. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तिथे असायचो. सगळ्या संसारात मला एवढी सोबत कोणी केली नव्हती.

४. गेल्या नवरात्रात परसबाग स्पर्धेचे परीक्षक येणार होते. अर्ज यजमानांनी स्वतःच्या नावे भरल्याचे मला त्याच सकाळी कळले. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून त्यांनी सगुणाबाईंची फुलावर आलेली वांगी उपटून रस्त्यावर टाकली. सगुणाबाईंनी ती वाकून गोळा केली. मी भांडायला निघाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. माझ्यापायी तुमच्या घरात वाद नको." त्या पुन्हा आल्या नाहीत.

बक्षीस मिळाले. व्यासपीठावर यजमान म्हणाले, "आमच्या मिसेसनी पाणी घालायला मदत केली."

घरी आल्यावर मी विचारले, "पाणी घालायला?"

"अगं, तिथं सगळं सांगत बसू का? घर एकच ना?"

घर एकच आहे. ते माझ्या नावावर आहे.

५. सबब, संपूर्ण परस, खुरपी, कुदळ, बियाण्याचे डबे आणि बाजूच्या बोळातून ये-जा करण्याचा हक्क मी सगुणाबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत देते. पाणी घरच्या नळाचे द्यावे. यजमानांनी परसात पाऊल टाकण्याआधी सगुणाबाईंना विचारावे. अंमलबजावणी उर्वीने करावी. तिला हे वाचून दाखवले आहे. ती म्हणाली, "आई, बाबांना आत्ताच सांग ना." सांगणार नाही. त्यांचे उत्तर मला ऐकायचे नाही.

६. बक्षिसाची ढाल आणि शाल यजमानांची.

७. माझ्यामागे शोकसभा झाल्यास यजमानांनी माझ्याविषयी भाषण करू नये. फारच आग्रह झाला, तर कोवळ्या पडवळाच्या टोकाला दगड कशासाठी बांधतात, एवढेच सांगावे. येत नसेल तर खाली बसावे.

लिहून देणार : श्यामला विष्णु टिपणीस (सही)

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार :
१. डॉ. सुश्रुत कर्णिक, रोहा (सही)
२. जगन ठाकूर, अष्टमी (सही)

स्थळ : अष्टमी, ता. रोहा
दिनांक : १२ जानेवारी २०२५