अठ्ठावीसचा वर्ग

प्रिय होकायंत्र,

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. आतले कागद मी दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि काय आलंय म्हणून तुझ्या काकूने विचारलं तेव्हा विम्याचं काहीतरी आहे अशी थाप मारली. त्या कागदांबद्दल शेवटी लिहितो. आधी तेच लिहायला घेतलं तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही, आणि मला खरं तर बाकीचंच लिहायचंय.

काकू बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्याहून जास्त. मी निवृत्त होऊन घरी बसल्यापासून आपल्याला एक विद्यार्थी मिळालाय आणि तोही ढ, असं ती शेजारणींना सांगत सुटलीय. मुलगा दर रविवारी फोन करतो आणि इकडचं हवामान विचारतो. भूगोलाच्या प्राध्यापकाचा मुलगा, तेवढंच बोलायला सुचतं बिचाऱ्याला. तुझं कसं चाललंय? पार्सल कंपनीत मार्ग आखायचं काम करतेस, दिवसभर पडद्यावर नकाशे बघतेस, हे तू मागे हसत हसत सांगितलंस. मीही हसलो होतो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

गेल्या महिन्यात रक्तदाब मोजायला दवाखान्यात गेलो होतो. दंडाला पट्टा बांधणारी परिचारिका माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली की तुम्ही भूगोलाचे सर ना, अजून प्रवेश मिळतो का, कारण आता सकाळची पाळी लागलीय आणि दुपारी मोकळी असते. विभाग बंद झाला म्हणून सांगितलं. ती नुसतं अरेरे म्हणाली. पण रक्तदाब असा काही निघाला की तिला दहा मिनिटांनी पुन्हा मोजावा लागला. ही कोण ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू प्रवेशासाठी आणलेल्या त्या दोघींपैकी एक.

तुला होकायंत्र हे नाव मीच दिलं, आठवतंय? तू पहिल्या वर्षाला होतीस. एकशेवीस मुलांचा वर्ग, दोन तुकड्या, सात प्राध्यापक. मी सहलीत अर्ध्या वर्गाला घेऊन टेकडी चढलो आणि छातीठोकपणे भलत्याच दिशेला उतरू लागलो. सगळे मुकाट मागे. तू तेवढी पुढे आलीस आणि नदी नकाशाच्या उलटी वाहतेय असं अदबीने म्हणालीस. नकाशा मीच उलटा धरला होता! त्या दिवसापासून वर्ग तुला होकायंत्र म्हणू लागला आणि मी तुझ्यावर विसंबायला लागलो. ती सवय पुढे फार वाईट जडली.

तू पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेलीस त्या दोन वर्षांतच उतरण लागली. मुलं नव्या संगणकाच्या कॉलेजांकडे वळली. कुणी निवृत्त झालं की ती जागा भरायची नाही, असा वरून हुकूम. सातांचे पाच झालो, पाचांचे चार. माझ्यानंतर विभागात कायमची नेमणूक कुणाची झालीच नाही, म्हणजे शेवटून पहिला मी. आणि नियम तुला तोंडपाठ आहे: पहिल्या वर्षाच्या वर्गात तीस विद्यार्थी नसतील तर शेवटी लागलेल्याचं पद जाणार. उन्हाळाभर आम्ही सगळे प्राध्यापक पत्रकं घेऊन दारोदार फिरलो. लोक आम्हाला फिनाइल विकणारे समजून दार लावून घ्यायचे.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही. त्या वर्षी वर्गात सव्वीस मुलं होती आणि तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. चार नावं मी घातली. तुझी काकू, माझी मेहुणी, आमची शेजारीण आणि कारकुनाची बहीण. चारही अर्ज मी माझ्या हाताने भरले, जुन्या तारखा टाकल्या, विभागप्रमुखांनी कानाडोळा केला. तपासणीच्या दिवशी काकू मुलाचं जुनं दप्तर घेऊन शेवटच्या बाकावर बसली. तपासनीस नेमका तिच्यापाशी थांबला आणि वारे कसे वाहतात म्हणून विचारू लागला. ही ताडकन उठली. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, आमच्या घरी मात्र उलटं, म्हणाली. तपासनीससुद्धा हसला. माझं पद वाचलं. ही गंमत म्हणून आम्ही कितीदा आपापसात सांगितली, पण तुझ्यासमोर कधीच नाही. का, ते तेव्हा मलाही कळत नव्हतं.

मग तू परत आलीस. कायमची जागा नव्हती, तासिकेवर घेतलं. जितके तास तितका पगार, उन्हाळ्यात घरी, आणि दर वर्षी नव्याने अर्ज. प्राध्यापकांच्या खोलीत तुझ्या नावाचं कपाट नव्हतं. नकाशे टांगायच्या घोडीशेजारी एक हात मोडलेली खुर्ची, ती तुझी. अशी बारा वर्षं. मधल्या काळात दोन ठिकाणांहून तुला बोलावणं आलं, एक शाळा होती आणि एक सर्वेक्षणाचं ऑफिस. दोन्ही वेळा तू मला विचारायला आलीस आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, थांब, माझी खुर्ची तुझीच आहे. मनापासून म्हटलं होतं गं. पण तू गेलीस तर माझे निम्मे तास कोण घेणार, हेही मनात होतंच. तुझे बाबा भेटले की शिवणयंत्रावरून मान वर करून एकच विचारायचे, पोरगी कायम कधी होणार? मी सांगायचो, यंदा नाही तर पुढच्या वर्षी नक्की. त्यांनी विभागातल्या मोठ्या पृथ्वीगोलाला निळ्या कापडाचं झाकण शिवून दिलं होतं, नाडीबिडी लावून. गोल आता आमच्या बैठकीत आहे. झाकण मी काढत नाही.

आणि शेवटी ते वर्ष आलं. मी निवृत्त होणार, मीच विभागप्रमुख, मीच एकटा कायम. आदेश निघाला की तीसचा वर्ग असेल तर रिकामं होणारं पद भरायला परवानगी. तू उन्हात वस्त्या पालथ्या घातल्यास, घराघरांत गळ घातलीस. अठ्ठावीस झाले. मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या दोघींना घेऊन प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात उभी. परिचारिकेची आदल्या दिवशी सुट्टी रद्द झाली होती आणि बेकरीतली ती दुसरी, तिला एकटीला यायला भीती वाटली म्हणून मैत्रिणीसाठी थांबली होती. दोघींचे अर्ज भरलेले, कागदपत्रं पूर्ण. प्राचार्यांनी स्वतः सांगितलं की एका दिवसाचं काय एवढं, तुम्ही कालची तारीख घालून सही करा, मी बघून घेतो.

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी भर खोलीत सगळ्यांसमोर व्याख्यान झोडलं. आकडा म्हणजे आकडा, आज एक तारीख बदलली की उद्या माणसं बदलू, असलं काहीबाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघी दारातूनच परत फिरल्या. तू त्यांना फाटकापर्यंत सोडून आलीस, डोळे लाल झालेले, आणि मला म्हणालीस की सर, तुमचंच बरोबर आहे. पद गेलं. जूनमध्ये विभागाला कुलूप लागलं. आता त्या खोलीत परीक्षेचे गठ्ठे ठेवतात असं शिपाई सांगत होता.

माझं बरोबर नव्हतं गं. मला तत्त्वबित्त्व काही आठवलं नव्हतं. त्याच महिन्यात शेजारच्या कॉलेजात एका विभागप्रमुखाचे खोटे प्रवेश उघडकीस आले होते आणि त्याचं निवृत्तिवेतन अडकलं होतं. माझे तीन महिने उरले होते. तुझ्या दोन अर्जांवर कुणी बोट ठेवलं असतं तर जुनी दप्तरं उघडली असती, आणि जुन्या दप्तरात माझ्या अक्षरात माझी बायको बसली होती. माझी पाचावर धारण बसली. माझ्या पदासाठी चार खोटी माणसं मी हसत हसत उभी केली, आणि तुझ्या पदासाठी दोन खरी माणसं दारात उभी होती तर त्यांना परत पाठवलं. त्यावर टाळ्याही घेतल्या. लाज वाटते मला. गेल्या महिन्यात त्या पोरीने दंडाला पट्टा बांधला तेव्हा हात काढून पळून जावंसं वाटलं.

आता तुझ्या पाकिटाबद्दल. तू काढत असलेल्या माझ्या गौरव अंकासाठी तूच लिहिलेला लेख, ‘खऱ्या आकड्याचा माणूस’. विभागातलं शेवटचं पद जात असतानाही सरांनी मला आयुष्यभराचा धडा दिला, त्यांच्याबद्दल मनात कधी किंतु आला नाही, असं तू लिहिलंयस, आणि चुका दुरुस्त करून परत पाठवा म्हणून वर चिठ्ठी जोडलीस. तुझ्या भाषेत चूक कशी सापडणार? तरी तपासायला दिलास म्हणून तपासला. काकूला काल सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली की लाल पेन मी देते. लेख सोबत परत पाठवतोय. हे पत्रही त्यालाच जोड आणि हवं तर दोन्ही छाप, नाहीतर दोन्ही फाडून टाक, मी एका शब्दाने विचारणार नाही. फक्त दुसऱ्या पानावर तू ‘त्या वर्षी वर्गात अठ्ठावीस विद्यार्थी होते’ असं लिहिलंयस. ते खोडून मी तीस केलंय.

तुझाच,
ज्याला तू अजून सर म्हणतेस तो