भोरडीच्या डोळ्यापाशी

आत्या, आधी एक दुरुस्ती. तुझ्या दहाव्याला मी सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं, की आपली लाल गाय मेंढ्यांच्या गोचिडीनं गेली. ते मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की ती गोचीड तापानं गेली, आणि मेंढ्या गावात येण्याच्या कितीतरी आधी, बाजरी उभी असताना, गोफणीचा दगड लागून पडलेल्या एका भोरडीच्या, कणसं खायला थव्यानं येणाऱ्या त्या पाखराच्या, डोळ्यापाशी मी बारीक गोचीड चिकटलेली पाहिली होती. ती तुलाही दाखवली होती. म्हणून हे पत्र रागाचं आहे.

शाळा लांब होती, म्हणून सात वर्षांची होईपर्यंत तूच मला घरी शिकवलंस, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. एकदा मी लिहिलं, गाईनं खूप दूध दिलं. तू पान फाडलंस. म्हणालीस, ‘खूप म्हंजी किती? आधी बघ, मंग लिही.’ आजही दवाखान्यात जनावराच्या नोंदीत ‘बहुतेक’ लिहिताना माझा हात थबकतो, घरी आल्यावरही मी मनात तो कागद पुन्हा तपासते. ही खोड तुझी. आणि तूच मला खोटं लिहायला लावलंस.

गाय गेली त्या वर्षीही मेंढ्या दिवाळीनंतर आल्या, दरवर्षीसारख्या. खतासाठी आपणच त्या रानात बसवून घ्यायचो. मेंढपाळीण तुझ्याशेजारी चुलीपाशी बसायची, भाकरी थापायची, तुझ्या थालीपिठाला नावं ठेवायची. मेंढ्या येऊन चौथ्या दिवशी गाय तापली आणि आठवड्यात गेली. तू दोन दिवस जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी मला बोलावलंस, तुझं अक्षर चांगलंय म्हणालीस, आणि गावानं सह्या करायचा कागद सांगू लागलीस: मेंढ्यांमुळे गावात रोग आला, त्यांना शिवारात येऊ देऊ नये. मी लिहिता लिहिता थांबते. ‘आत्या, पण गोचीड भोरडीच्या डोळ्यापाशी होती ना, आधीच?’ तू चुलीतलं लाकूड मागं ओढतेस, माझ्याकडे बघत नाहीस. ‘पाखरू उडून जातंय, त्याला कोण धरणार? मेंढरंवाले हायेत इथं. लिही.’

मी लिहिलं. बारा घरांनी अंगठे लावले. त्याच दिवशी मेंढरंवाल्यांना हाकललं. मेंढपाळीण दारात आली, पदरात नुकतं जन्मलेलं कोकरू होतं. ओरडली नाही. म्हणाली, ‘बाई, तुमच्या रानाला आमच्या लेंड्या चालत्यात. आम्ही न्हाई चालत.’ तू आत निघून गेलीस. मला वाटलं होतं, तू रडशील. तू भांडी घासायला बसलीस.

आता मी भोकरदनच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात काम करते. गाईच्या कानामागच्या गोचिड्या चिमट्यानं काढून बाटलीत भरते. इथं मला कळलं ते तुला ऐकवायचंय. गोचिडीची पिल्लं जमिनीवर दाणे टिपणाऱ्या पाखरांच्या डोळ्याभोवती, कानापाशी चिकटतात. भोरड्या दूरदेशातून येतात. पाखरू उडतं, गोचीड त्याच्यासोबत मुलुख ओलांडते, पोट भरलं की गळून पडते, मोठी होते आणि गाय शोधते. काहींच्या पोटात रोगही असतो. पाखराला बऱ्याचदा काही होत नाही. मेंढ्यांवर गोचीड नसते असं मी म्हणणार नाही, असते. आपली गाय त्या भोरडीमुळेच गेली, असंही म्हणता येत नाही. पण येऊन चार दिवस झालेल्या मेंढ्यांच्या गोचिडीनं चौथ्याच दिवशी ताप चढत नाही. रोग अंगात मुरायला त्याहून जास्त दिवस लागतात. एवढं तरी तुला दिसायला हवं होतं. तुला दिसलंच होतं, आत्या. म्हणून तर तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

यंदा गावात पुन्हा दोन गाई तापल्या. मेंढपाळिणीची सून कळप घेऊन राजूरच्या अलीकडे थांबली आहे, शिवारात येऊ का म्हणून निरोप धाडते. काकांनी तो जुना कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. आता कायमची बंदी घालायचा ठराव आणायचा म्हणतात. मी पाखरांचं सांगितलं तर पारावरची माणसं हसली. काका म्हणाले, ‘मंग भोरड्यायला नोटीस काढ की, डॉक्टरीणबाई. त्यायचा पत्ता हाय का तुझ्यापाशी?’ मी डॉक्टर नाही, हे सांगण्यातच माझा वेळ गेला. तोवर विषय संपला होता.

हे पत्र जाणार कुठं? तुझ्यावर चिडणं मला सोपं जातं, कारण तू उलटून बोलत नाहीस. खरं सांगते, गेल्या वर्षीच्या ग्रामसभेतही हा विषय निघाला होता. कागद कुणी लिहिलाय, असं एकानं विचारलं होतं, आणि मी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. या वेळी उभी राहून सांगणार आहे, की अक्षर माझं आहे आणि त्यातलं मी पाहिलेलं काहीच नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, झेंडावंदन झाल्यावर.