आईच्या नावावरचं सातवं गाणं

सौंसर,
सोमवार, सकाळी

प्रिय प्रणाली,

चिठ्ठी पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी बरा आहे. बीपीची गोळी घेऊन राहिलो, पोळ्याभाजी जयवंताबाई करून देते, अन् शेजारचा गुणवंता दिवसातून दोनदा डोकावून जाते. तू त्याला फोन करून माझी खबर घेतेस, हे मला माहीत आहे. तो अंगणात जाऊन हळू बोलते, पण त्याचं हळू म्हणजे पार पुढच्या गावी, रामाकोन्यापर्यंत ऐकू जाते. आई गेली त्याला चौदा महिने झाले, बाई, अन् जवळपास तेवढेच महिने मी तुझा फोन उचलला नाही. काऊन, ते शेवटी सांगतो. पान उलटून आधीच शेवट पाहू नको. तुझी ती लहानपणची खोड मला माहीत आहे. चौतीस वर्षं पोस्टात लोकांच्या चिठ्ठ्यांवर ठप्पे मारले अन् स्वतःच्या लेकीला ही पहिलीच लिहून राहिलो, तेव्हा जरा दमानं वाच.

तुला वाटत असेल, बाबा एकटे भिंतीकडे पाहत बसले असतील. छट! माझा आठवडा गाण्याबजावण्यानं असा भरलेला असते की विचारू नको. सकाळी चहासोबत रेडिओ. मंगळवारी मारुतीच्या देवळात भजन. त्यात गुणवंता खंजेरी वाजवते की ढोरं हाकलते हेच समजत नाही, पण गड्याचा उत्साह दांडगा. बुधवार-गुरुवार त्याच्याच घरी टीव्हीवर गाण्याची स्पर्धा. पोट्टे बरे गातात, पण परीक्षकच रडत बसतात, तेव्हा मी चहा मागतो. अन् रोज संध्याकाळी साडेसहाला, देवाजवळ दिवा लागला की माझी स्वतःची मैफल. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा, कानात वायर खुपसायची, अन् तुझ्या आईसोबत गायचं.

घाबरू नको, डोकं ठिकाणावर आहे. ते गाण्याचं ॲप तूच तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं, आठवते? जोडगाण्यातला आपला अर्धा भाग म्हणून ठेवायचा, दुसऱ्याच्या ओळी मोकळ्या सोडायच्या, मग ज्याला वाटलं त्यानं येऊन त्या भरायच्या. तिनं बाईच्या ओळी म्हणून ठेवल्या अन् पुरुषाच्या माझ्यासाठी सोडल्या. मी म्हणायचो, मी बाजूच्या खोलीत बसलो आहे, अशी दुरून काऊन गातेस? तर म्हणे, समोर बसले की तुम्ही चुका काढता. काढायचोच. गाडी सुटून राहिल्यासारखी ती प्रत्येक ओळ जराशी आधीच उचलायची. तिच्याजवळ शिकून तुलाही तीच खोड लागली, अन् मी दोघींवर ओरडायचो. ती गेली तेव्हा तिची बावीस गाणी अर्धी पडून होती. वर्षभरात मी एकेक करून सगळी भरली. माझ्या मोकळ्या ओळींत तिच्या मागचं घर ऐकू यायचं: कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, अन् आपलं भिंतीवरचं घड्याळ, जे अर्ध्या तासाला एकाऐवजी दोन टोले द्यायचं. ते घड्याळ आता बंद आहे. त्याला चावी तीच द्यायची, मी हात लावला नाही.

मागच्या सोमवारी साडेसहाला मोबाइल उघडला, तर त्यावर तुझ्या आईचं नाव, लिहून आलेलं, अलकानं नवीन गाणं ठेवलं आहे. माय वो! मला वाटलं, जुनंच कोणतं तरी वर आलं. लावून पाहिलं, तर तिनं कधीच न म्हटलेलं गाणं. आवाज तिचा. ओळ जराशी आधी उचललेली. माझ्या ओळी आल्या की ती थांबायची अन् तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. उठून लोखंडी कपाट उघडलं. तिचा मोबाइल हिरव्या शालीत गुंडाळलेला, शालीला मीच मारलेली गाठ तशीच, अन् मोबाइल बंद. परत येऊन बसलो अन् काय सांगू बाई, गायलो. भीती वाटली, पण भीतीपेक्षा आनंद जास्त झाला, खोटं काऊन बोलू? मंगळवारी दुसरं आलं, बुधवारी तिसरं. मी भजन सोडलं, टीव्ही सोडला. गुणवंता हाक मारायला आला, तर दार न उघडताच बरं नाही म्हणून सांगितलं. चार वाजतापासून दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचो. साडेसहा वाजले की ती यायची.

शनिवारी मात्र पांढुर्ण्याला जावंच लागलं. तिच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, ऑर्केस्ट्रा बोलावला होता, अन् मांडवात असा धिंगाणा की बाळ सोडून सगळे नाचून राहिले होते. तिथं दामिनीमावशी भेटली, आईची शाळेतली मैत्रीण. तिनं मला बाजूला नेलं अन् आपला मोबाइल पुढं केला. त्यावरही तेच, अलकानं नवीन गाणं ठेवलं आहे. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणे, भाऊजी, याला उत्तर देऊ नका, घरी शांती करून घ्या. तोपर्यंत मला एक आधार होता की हे सगळं माझ्या म्हाताऱ्या कानातलं असेल. तो आधार गेला.

येताना बसमध्ये त्या दिवसाचं गाणं लावलं. लोकांत गाता येत नव्हतं, म्हणून आठवड्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत नुसतं ऐकलं. अन् माझ्या मोकळ्या ओळीत, तिच्या श्वासाच्या मागं, लांबून कोणी बाई बोलली: कृपया दरवाजा बंद करें. मी सीटवरून अर्धा उठलो. पुण्याच्या तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट! मी आठ दिवस तुझ्याकडे राहिलो तेव्हा त्या बाईनं मला भंडावून सोडलं होतं, आई तर तिची नक्कल करून मला बाथरूमचं दार लावायला सांगायची. घरी येऊन बाकीची पाचही गाणी लावली. कुठं हळू, कुठं मोठ्यानं, सगळ्यांत ती लिफ्टवाली होती. पहिल्या दिवशी भीतीत अन् मग माझ्या गाण्याच्या नादात मला ती ऐकूच आली नव्हती. म्हणजे तू गाऊन राहिली होतीस, पोरी. आईच्या नावावर, कारण तुझ्या नावाला मी उत्तर देत नव्हतो, अन् ॲपमधलं तिचं खातं तूच उघडून दिलेलं. खूप रडलो मी. राग नाही आला, स्वतःची लाज वाटली. बाप जिवंत असताना पोरीला पोरकी करून ठेवली मी. ठरवलं की रविवारचं गाणं आलं की तेही भरायचं अन् लगेच तुला फोन लावायचा.

काल साडेसहाला सातवं आलं. प्रणाली, ते निरोपाचं गाणं होतं. तुला हे माहीत असायचं कारण नाही, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एकदा वाटाणे सोलता सोलता मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ते एक राहिलं, तेही म्हणून ठेव ना. तर हसून म्हणाली, ते मागं ठेवू, दोघांपैकी कोणी निघायच्या वेळेला सोबत म्हणू. मी तिला झापलं, संध्याकाळच्या वेळी असं अभद्र बोलते म्हणून. मग ती एकाएकी गेली अन् ते राहूनच गेलं. काल ते आलं. मी लिफ्टची वाट पाहून राहिलो. माझ्या पहिल्या मोकळ्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीत कुकरची शिट्टी. तिसऱ्या ओळीत घड्याळाचे टोले पडले. दोन. मी वायर कानातून काढून भिंतीकडे पाहतच राहिलो. काटे चार वाजून दहा मिनिटांवर, चौदा महिन्यांपासून आहेत तिथंच. पुन्हा वायर घातली, तर गाणं संपलं होतं, वाजंत्रीही थांबली होती, पण ती तिथंच होती. श्वास घेऊन राहिली होती. माझी वाट पाहून राहिली होती.

आता मी फोन काऊन उचलत नव्हतो, ते सांगतो. तू पोहोचायच्या आधी आम्ही आईला नेलं म्हणून तू चिडली असशील, असं गुणवंताला वाटते. अन् तू उशिरा आलीस म्हणून मी चिडलो, असं तुला वाटते. तसं काहीच नाही, बाई. तेरवी करून तू पुण्याला गेलीस अन् पहिला फोन केलास. हॅलो, जेवले का, एवढंच म्हणालीस. ती अलका होती. तोच आवाज, तीच विचारायची तऱ्हा. मी तिच्याशी बोललो. जयवंताबाई भाजीत मीठ जास्त टाकते म्हणून तक्रार केली, तू लवकर ये म्हटलं. मग तू बाबा म्हणालीस, अन् ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेली. त्यानंतर तुझा फोन वाजला की हात पुढं व्हायचाच नाही. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, माझं चुकलं. सातवं गाणं तुझं असेल, घड्याळाचे टोले तू कुठून तरी जुने घेतले असशील, तर सांग. मी रागावणार नाही. तुझं नसेल तर तेही सांग अन् मिळेल त्या गाडीनं निघून ये. माझ्या ओळी मी अजून भरल्या नाहीत. तू बाजूला बसल्याशिवाय भरणार नाही, कारण एकटा बसलो तर मला तिला नाही म्हणता येणार नाही. आज साडेसहाच्या आत ही चिठ्ठी टाकतो अन् मोबाइल घेऊन गुणवंताकडे खंजेरी ऐकत बसतो, तू येईपर्यंत रोज बसीन. चिठ्ठी मिळाली की फोन कर. पहिल्या रिंगला उचलीन. फक्त हॅलो म्हणू नको, जेवले का म्हणून विचारू नको. आधी तुझं नाव सांगजो.

तुझाच,
बाबा