शेऱ्याचा रकाना

सोमवार, दि. ३ नोव्हेंबर २०२५

पुण्याच्या गृहस्थांचा फोन! चि. अरीबाने आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला. त्यांचे नाव राजवीर. दुकानदारांची वेबसाइट गूगलवर शोधली असता वर दिसावी, हे काम त्यांची कंपनी घेते. आणि ती वेबसाइट तपासून तिच्यातील उणिवा काढून देण्याचे काम माझ्या नातीकडे पाठविते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील ज्या दुकानात मी जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या, तिथेच आता अरीबाचे टेबल आहे. माझी एक गादी कोपऱ्यात ठेवली आहे. ती माझी बैठक.

गृहस्थ चिडलेले नव्हते, पण स्पष्ट बोलले. "अरीबा, एकच साइट तू तपासलीस तर एक निकाल, मोनानं तपासली तर दुसराच. गिऱ्हाइकाला कुठला दाखवू? तू हुशार आहेस, पण मला तू नको, पद्धत पाहिजे. कुणीही तपासलं तरी तेच निघालं पाहिजे."

अशी पद्धत वीस तारखेपर्यंत लिहून दाखविल्यास सर्व कंत्राट आपल्याला. न जमल्यास काम बंद, आणि अरीबा बंगळूरची नोकरी धरणार. जेवताना तिने हे सांगितले, तेव्हा सौ. नजीरेचा — माझ्या सुनेचा — भाकरी थापणारा हात थांबला.

मी माझी भाकरी संपविली. 

मंगळवार, दि. ४

अरीबा दिवसभर लिहीत होती. प्रथम काय उघडावे, मग काय पाहावे, कुठे थांबावे. तिच्या हाताखालची मोना, उचगावची मुलगी, कामाला चपळ आणि बोलण्यास त्याहून चपळ, हिला ते रुचले नाही.

"मॅडम, एवढं लिहीत बसायपेक्षा मी डोळ्यानं बघून सांगते की!"

"तुझं डोळं काढून पुण्याला पाठवू व्हय?"

दोघी हसल्या. या दुकानात पुन्हा हसणे ऐकू येते, याबद्दल अल्लाहचे आभार मानावे तितके थोडेच.

गुरुवार, दि. ६

आज अरीबा माझ्यासमोर बसून म्हणाली, "दादा, माझी पद्धत तुम्ही चालवून बघा. ज्याला यातलं काही माहीत नाही, अशा माणसाला जमली तरच ती खरी."

मला राग आला. लिहून ठेवतो — आला! मी चौथीपर्यंत शिकलो. परंतु पहिल्या नंबराने शिकलो, आणि आजवर माझ्या पत्रात कोणी चूक काढलेली नाही. मी म्हणालो, "म्हणजे मी अडाणी, म्हणून माझी निवड?"

"न्हाई दादा. मोनाला समजलं न्हाई तरी ती पुढं जाते. तुम्ही समजल्याशिवाय पुढं जात न्हाई, म्हणून."

मी चष्मा पुसला. होकार दिला.

शुक्रवार, दि. ७

नमाजहून आल्यावर शिकवणी झाली. वेबसाइटच्या प्रत्येक पानाला एक शीर्षक असते. गूगलवर निळ्या अक्षरांत दिसते तेच. दोन पानांना एकच शीर्षक असू नये. जेथे बोट लावावे ते पान उघडले पाहिजे. दुकानाचा पत्ता वेबसाइटवर एक आणि नकाशावर दुसरा, असे नसावे. हे सर्व मला समजले. या वयात नवीन काही समजते आणि शिकविणारी आपलीच नात असते! याहून अधिक काय मागावे?

रविवार, दि. ९

पहिली परीक्षा. मराठीतील वेबसाइट म्हणून हंबीररावांच्या मसाल्याची निवडली. हंबीरराव माझे जुने स्नेही. दुकान उचगावी, कांदा-लसूण मसाला घरचा. आमच्या घरी दुसरा मसाला आजवर आलेला नाही.

मोना आणि मी, दोघांना स्वतंत्र बसविले. प्रश्न सोपे होते. 'शीर्षक चांगले आहे का?' 'पान नीट उघडते का?' 'पत्ता बरोबर आहे का?' मी प्रत्येक पान उघडून उत्तर दिले आणि कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिले. काम संपविल्यावर समाधान वाटले.

मंगळवार, दि. ११

अपमान!

अरीबाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. मोनाच्या कागदावर उणिवाच उणिवा. माझ्या कागदावर वरपासून खालपर्यंत 'ठीक'.

मोना म्हणाली, "दादा, तुमी साइट बघितली का हंबीरतात्यांचं तोंड बघितलं?"

मी सांगितले की मसाल्याचे पान पांढरे उघडते, हे मीही पाहिले. परंतु थोडे थांबल्यास उघडेल, असे धरून चाललो. ज्यांच्या घरचे मीठ आपल्या भाकरीला लागले आहे, त्यांच्या दुकानाला आपल्या हाताने 'वाईट' लिहावे काय?

"आन् ते उघडलंच न्हाई तर?" मोना.

"तुम्ही तुमचे चालू द्या. मला पुन्हा विचारू नका," असे म्हणून मी घरात निघून आलो. अरीबा दोन्ही कागदांची घडी घालीत होती. तेच अधिक लागले.

बुधवार, दि. १२

सकाळी अरीबा स्वतः चहा घेऊन आली. कप ठेवून समोर बसली.

"दादा, चूक माझी हाय. मी विचारलंच तसं — 'चांगलं आहे का?' कोल्हापुरात जेवणावरनं उठलेल्या पावण्याला 'जेवण कसं झालंय' विचारलं, तर कोण 'खारट' म्हणतंय?"

"कोणी म्हणणार नाही."

"व्हय की नव्हं? मोनानं पण चूकच केली. तिला ज्या पानाचा रंग आवडला न्हाई, तिथं बी तिनं 'वाईट' लिहिलंय. तुम्ही भीड धरली, तिनं राग काढला. दोघांनाही मी मत विचारलं. आता मत विचारायचंच न्हाई. काय दिसलं, तेवढंच."

मग तिने नवे कोष्टक दाखविले. 'शीर्षक चांगले आहे का?' गेले, आता 'शीर्षक जसेच्या तसे उतरवा. हेच शीर्षक आणखी कोणत्या पानाला आहे?' 'पान नीट उघडते का?' गेले; आता 'बोट लावल्यावर काय दिसले?' शेवटी एक अरुंद रकाना, डोक्यावर 'शेरा'.

मी विचारले, "हा कशासाठी? मत नको म्हणालीस ना?"

"मत निकालात धरायचं न्हाई. पण माणसाला बोलायला जागा तर पाहिजे. मी सगळ्यात आधी शेराच वाचणार."

ती गेल्यावर चहा निवला होता. तसाच प्यालो. कालचे माझे वागणे तिने ज्या शहाणपणाने पोटात घातले, ते तिला कोणी शिकविले असेल? मी नाही. तिची आई असावी.

शुक्रवार, दि. १४

एक सूचना केली : गादी चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिली की पुरते, तसे वेबसाइटचीही चार पाने पाहावीत, वेळ वाचेल. अरीबा म्हणाली, "न्हाई दादा, आपण चार बघू, पण गूगल सगळी बघतंय." माझी सूचना रद्द. तिचे बरोबर होते. मान्य करण्यास मला काही जड गेले नाही — थोडे गेले.

शनिवार, दि. १५

हंबीरराव बाजाराला आले होते, ते दुकानात डोकावले. मी त्यांना बसविले. नव्या कोष्टकाप्रमाणे त्यांच्या वेबसाइटवर जे दिसले, ते वाचून दाखविले.  मसाल्याच्या पानावर बोट लावले असता पांढरे दिसले. नकाशावर पत्ता जुन्या दुकानाचा. सर्व पानांना एकच शीर्षक.

त्यांचा चेहरा पाहण्याचे मी टाळले. आणि ते हसू लागले!

"आरं, दिवाळीच्या आधीपास्नं एक ऑर्डर न्हाय! ज्याला इचारावं त्यो म्हणतोय, 'लई भारी, तात्या, लई भारी!' सगळ्यांनी भारी म्हणून माझा मसाला घरात ठेवला. पांढरं पान हाय ह्ये एकानं तरी सांगायचं का न्हाय?"

"मीही पाहिले होते," मी म्हणालो. "आणि 'ठीक' लिहिले होते."

"तुमी तर घरचं माणूस. तुमी पयल्यांदा सांगायचं!" असे म्हणून त्यांनी पिशवीतून मसाल्याचा पुडा काढून माझ्या मांडीवर आपटला.

मोना लगेच बोलली, "दादा, पुडा कसाय ते लिहू नका, पुड्यावर काय दिसतंय तेवढंच लिवा."

हंबीरराव तर खोकेपर्यंत हसले. मीही हसलो. असे मित्र मिळाले आणि टिकले, यात माझे कर्तृत्व काहीही नाही.

मंगळवार, दि. १८

शेवटची परीक्षा. वेबसाइट राजवीर यांनी पाठविलेली, सातारच्या एका कापड दुकानाची. ओळखीचे कोणी नाही. अरीबा, मोना आणि मी, तिघे वेगळे बसलो. मी एका प्रश्नावर बराच वेळ अडलो. तेथे वाक्य सुधारावे लागले. अरीबा म्हणाली, ते अडणेच कामाचे.

तिन्ही कागद शेजारी ठेवले. मोना बोट फिरवीत खाली गेली. पुन्हा वरून खाली गेली.

"मॅडम... सारखंच हाय की!"

शेऱ्यात मात्र तिघांचे तीन प्रकार. मी लिहिले होते : 'साड्यांचे फोटो सुंदर, परंतु मालकाने स्वतःचे नाव कोठेही दिलेले नाही. चांगला माल विकणाऱ्याने नाव लपवू नये.' अरीबाने ते दोनदा वाचले. कागद पुण्याला गेले.

बुधवार, दि. १९

फोन नाही. सौ. नजीरेने आमटीत मीठ दोनदा घातले. विचारले, तेव्हा मी 'खारट' असे सांगितले.

गुरुवार, दि. २०

मंजूर! सर्व काम आपल्याला. मोनाने उचगावला फोन करून इतक्या मोठ्याने सांगितले की फोनची गरज नव्हती. अरीबा माझ्या पाया पडण्यास वाकली; मी वाकू दिले नाही. डोक्यावर हात ठेवला. या मुलीने माझा हात रिकामा ठेवला नाही.

शनिवार, दि. २२

राजवीर स्वतः येऊन गेले. सज्जन मनुष्य. म्हणाले, हीच पद्धत त्यांच्या पुण्यातील सर्व मुलांना शिकवावयाची आहे. त्यासाठी अरीबा तेथे हवी. इथले काम मोना पाहील आणि तपासणीस मी. अरीबावाचून अडणार नाही. पद्धत तशी लिहिण्यासाठीच तर ती झिजली!

ते गेल्यावर ती खुर्ची सोडून माझ्याजवळ गादीवर येऊन बसली. "दादा, मी गेले तर चालेल?"

"ठीक आहे."

"हे उत्तर आपण काढून टाकलंय. काय दिसतंय ते सांगा."

मी तिच्या टेबलाकडे पाहिले. "खुर्ची रिकामी दिसते," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली.

"आणि तू जा," मी म्हणालो. "हे शेऱ्यात लिही."