खाऱ्या पाण्याची पैज

ता. ५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मागची खोली रिकामी केलीस, पडदे धुतलेस, आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर एकटा बसून भिंती मोजतो का, असंही विचारलंस. ताई, मला यायला सवड नाही. मी घरात समुद्र करतोय.

हसू नकोस. जेवणाच्या टेबलावर दोन हात लांब काचेची टाकी आहे. तळाला वाळू, वर समुद्रातले सच्छिद्र दगड, आणि एक छोटा पंप पाणी हलतं ठेवतो. मीठ मी सोन्यासारखं तोलून घातलं. मासे मात्र नाहीत. दुकानदाराने बजावलंय की सहा आठवडे मासे आणायचे नाहीत, आधी दगडांवर जिवाणू वाढू द्यायचे. ते माशांची घाण पचवतात म्हणे. तोवर मी रोज खुर्ची ओढून दगड बघतो. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई कौतुकाने बघायला आल्या, दहा मिनिटं टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि जाताना एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता देऊन गेल्या.

तेव्हा एवढ्यात येणं होणार नाही. राग मानू नकोस, माया आहे ती असू दे.

तुझा धाकटा


ता. १४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांचं रांधलं, पण दगड पाण्यात घालून सहा आठवडे वाट बघणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात निघावा!

अरे, माझी भावजय गेल्यावर तिच्या अकरा कुंड्यांपैकी तुला एक तरी जगवता आली का? स्वतः दोन वेळ जेवतोस की नाही याची मला खात्री नाही, आणि निघालास मासे पाळायला. मला सरळ दिसतंय, माझ्याकडे यायचं टाळायला तू हे खूळ काढलंयस.

ठीक आहे, पैज लाव. मासे आणल्यापासून दोन महिने जगले, तर मी जन्मात पुन्हा तुला इकडे ये म्हणून म्हणणार नाही. मेले, तर बॅग भरायची आणि मुकाट्याने माझ्या मागच्या खोलीत यायचं. बोल, आहे हिंमत?

तब्येतीला जप. दगडांनाही आशीर्वाद सांग.

तुझी ताई


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पैज मंजूर. वीस तारखेला मासे आले. दोन आहेत, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. एक मोठा, एक बारका. मोठ्याचा रुबाब बघून मी त्याला साहेब म्हणायला लागलो. तीन दिवस अदबीने हाका मारल्यावर दुकानदाराने सांगितलं की या जातीत मोठी ती मादी, आणि नर तिच्या धाकात असतो. आता तिला बाईसाहेब म्हणतो. तुझी आठवण येते.

एक गोगलगायही आहे, ती काच पुसते. बटणांएवढी प्रवाळंही आणलीत, दिवा लागला की हळूहळू उमलतात. मी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून बघायला गेलो तर बाईसाहेब थेट अंगावर आल्या. शिवणकामवाल्या बाई आता मशीन घेऊनच वर येतात. टाके घालत मासे बघतात आणि गिऱ्हाइकांना इकडेच बोलावतात. माझ्या घरात ब्लाउजची मापं घेतली जातात, ताई, आणि मी स्वयंपाकघरात तोंड लपवून उभा असतो.

तू म्हणालीस तसा हलगर्जीपणा मुळीच नाही. रोज पाणी बोटभर कमी होतं. मी लगेच तांब्याभर पाण्यात अगदी ठरल्या मापाने मीठ विरघळवून खुणेपर्यंत भरतो. एक कण इकडचा तिकडे नाही. वीस एप्रिलला भेटू, म्हणजे भेटणार नाही!

लोभ वाढवलास तर हरकत नाही.

तुझा धाकटा


ता. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू जिंकतेयस. प्रवाळं चार दिवस मिटलेली आहेत. गोगलगाय पाण्याबाहेर येऊन काचेच्या कडेवर बसली आहे. बाईसाहेब कोपऱ्यात आडव्या पडून जोरजोरात श्वास घेतात आणि बारका त्यांच्याभोवती घुटमळतो. ते बघवत नाही.

पाण्याची ऊब तपासली, दिवा तपासला, खाणं कमी केलं. मिठाचा प्रश्नच येत नाही, प्रत्येक तांब्या मी स्वतः तोललाय. दुकानदार आठ दिवस गावाला गेलाय. माळ्यावरची बॅग काढून ठेवली आहे. ताई, मी चाळीस वर्षं बंद पडलेली घड्याळं चालू केली, पण माझ्या हाताखाली जिवंत काही टिकत नाही हे तुझं म्हणणं बरोबर ठरलं. फार वाईट वाटतंय.

तुझा धाकटा


ता. २६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कॅन्टीनचा जुना ड्रायव्हर तिकडेच निघालाय, पत्र त्याच्या हाती देतेय. उभ्या उभ्या वाच. अरे शहाण्या, पातेल्यात आटतं ते पाणी! मीठ आत तसंच राहतं. आटलेल्यात आपण साधं पाणी घालतो. तू महिनाभर मीठ घालतोयस! ताबडतोब बंद कर. रोज थोडं खारं पाणी काढ आणि तेवढंच साधं, गाळलेलं पाणी घाल. घाई करू नकोस, नाहीतर पुन्हा धक्का बसेल त्यांना.

आता दुसरं. हे मला तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचतानाच कळलं होतं. मी गप्प बसले. म्हटलं, चार-दोन मासे गेले तर गेले, भाऊ तर घरी येईल. महिनाभर गप्प बसले, धाकट्या. काल तुझं पत्र वाचलं आणि घास उतरेना. मला इथे एकटीला करमत नाही. अजून सवयीने पातेलंभर रांधते आणि तेच तीन दिवस खाते. पण तुला रडवून, बॅग घेऊन आणायचं नव्हतं मला. पैज मोडली समज. मला बोलायचं ते बोल.

बाईसाहेबांचं कळव.

तुझी ताई


ता. २१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने आणि वर एक दिवस झाला. बाईसाहेब ठणठणीत आहेत, काल त्यांनी बारक्याला अख्ख्या टाकीत पळवलं. प्रवाळं उमलली. गोगलगाय कामावर रुजू झाली. खारटपणा मोजायची नळी मी आता रोज पाण्यात बुडवतो. एकदा लावलेलं घड्याळ पुन्हा मिळवून बघायचं असतं हे मी लोकांना सांगायचो, आणि स्वतः टाकीतलं पाणी एकदाही मोजलं नाही.

तुझ्यावर दोन दिवस रागावलो होतो. शिवणकामवाल्या बाईंपाशी तुझी यथेच्छ निंदा केली. तिसऱ्या दिवशी तुझं ते पातेलं आठवलं आणि राग काही टिकेना.

पैज मी जिंकलो. मोडली वगैरे काही नाही, जिंकलो म्हणजे जिंकलो. टेम्पोवाल्याशी बोललो आहे. पाणी कॅनमध्ये, मासे झाकणाच्या बादलीत आणि दगड ओल्या फडक्यात नेता येतात. मागच्या खोलीत भक्कम टेबल लागेल, खिडकीपासून लांब, जवळ विजेचा सॉकेट हवा. हरून आलो असतो तर तुझ्याकडे तोंड पाडून बसलो असतो. आता तसं होणार नाही.

फक्त एक अडचण आहे. ठरल्याप्रमाणे तुला आता जन्मात मला ये म्हणता येणार नाही. म्हणून मीच विचारतो.

ताई, येऊ का?

उत्तर आलं नाही तरी लोभ आहे असंच धरून चालेन.

तुझा धाकटा