मेणाखालचं अक्षर

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळा,

वहिनी या नात्याने खरं तर आशीर्वाद लिहायला हवा. पण आपण दोघांनी एकाच टेबलावर प्रयोग केलेले, म्हणून साधा नमस्कार. तब्येत बरी असेल असं धरून चालते. इकडे तुझ्या दादाचे गुडघे कुरकुरतात. तुझ्या पुतणीला नोकरी लागली. तिने तुला कधी पाहिलेलं नाही, तरी नाक मात्र तुझंच घेऊन आली आहे.

एकतीस वर्षांनी माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तेव्हा मुद्द्यावर येते. बुधवारी आम्ही दोघं आपल्या कॉलेजात गेलो होतो.

हौस दादाची. मी दोन वर्षं टोलवत होते, कधी पाहुणे, कधी माझी पाठ. शेवटी त्याने परस्पर प्राचार्यांची परवानगी आणली. फाटकातून आत शिरला आणि गडी विशीत गेला. सायकल स्टँडपाशी थांबून म्हणाला, "इथे मी तुला विचारलं, तेव्हा तुझी बोबडी वळली होती." बोबडी त्याची वळली होती. रसायनशाळा नको, मला तो वास सोसत नाही, असं मी दोनदा म्हटलं. "अगं, तिथेच तर तुला पहिल्यांदा पाहिलं," म्हणत तो पुढे झालाही.

टेबलं तीच आहेत. प्रयोगशाळेतल्या मामांच्या जागी आता एक तरुण बाई आहे. मामा निवृत्त झाले, पण जाताना दाराजवळच्या कपाटात एक रिकामी बाटली ठेवून गेले. दर वर्षी नव्या मुलांना ती दाखवतात. बाईने आम्हालाही पाठ झालेली हकिगत ऐकवली. "एका मुलाने 'विरल' लिहिलेल्या बाटलीत कडक ॲसिड भरलं. मामांची दोन बोटं भाजून कायमची वाकडी झाली. म्हणून चिठ्ठीवर विसंबू नका, आधी तपासा."

"तो मुलगा माझा भाऊ," दादा हळूच म्हणाला, आणि त्याने बाटली हातात घेतली. चिठ्ठीला मेण लावलेलं, त्यामुळे अक्षर जसंच्या तसं. भोवती चौकट, शब्दाखाली दोन रेघा.

त्याने चष्मा लावला.

माझ्या स्वयंपाकघरात बावीस डबे आहेत. प्रत्येकावर नाव, भोवती चौकट, खाली दोन रेघा. रोज सकाळी त्यातला साखरेचा डबा तोच उघडतो.

"मेण लावलं की टिकतं," एवढंच बोलून त्याने बाटली जागेवर ठेवली. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि मी उन्हाबद्दल, गर्दीबद्दल बडबडत राहिले. घरी आल्यावर बूट न काढताच तो स्वयंपाकघरात गेला. मिठाचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"चिठ्ठी तुझी. भरलं कुणी?"

"मीच."

मग सगळंच सांगितलं. बाटल्या भरायची पाळी आपल्या दोघांची होती, तू मॅच बघायला पळालास, आणि मी वैतागून, घाईत, चुकीच्या बरणीतून ओतलं. चौकशीत तू सांगितलंस, एकट्याने भरलं. जिन्यात मला म्हणालास, "तू गप्प राहा. दादा मला सांभाळून घेईल." हेही मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. चौकशी समितीने त्याला बोलावलं तेव्हा तो काय बोलला, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. घरीही हा असाच बेफिकीर, म्हणाला होता. तुला काढून टाकलं, बाबांनी तोंड फिरवलं, आठवड्याभरात तू घर सोडलंस. खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि मी मूग गिळून बसले.

आधी भीतीने. नंतर तुझा दादा मला आवडायला लागला म्हणून. सांगितलं असतं तर तो मला मिळाला नसता. खरं कारण एवढंच, बाकीची मी वेळोवेळी तयार केली.

चार दिवस तो माझ्याशी बोललेला नाही. जेवतो, गोळ्या घेतो, आपलं ताट आपण घासतो. बाटली कुणी भरली, ते काल मी कॉलेजला माझ्या नावानिशी लेखी कळवलं. मामांनाही कळवलं. नक्कल सोबत आहे. तुझ्याकडे माफी मागायची माझी टाप नाही.

हे पत्र मी तुमच्या मावशींमार्फत पाठवणार होते. तुझा पत्ता आपल्याकडे नाही, असं दादा इतकी वर्षं सांगत आला होता. मघाशी तो टेबलाशी आला, कोरं पाकीट ओढलं आणि कुठेही न बघता त्यावर तुझा पत्ता लिहिला, मजल्यासकट. घरक्रमांकापाशीही अडखळला नाही. मग पेन खाली ठेवून चार दिवसांतलं पहिलं वाक्य बोलला.

"त्याला विचार, मी आलो तर दार उघडेल का."

विचारते आहे. तो एकटाच येईल. मी तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

त्या दिवशी बाटल्या भरणारी,
तुझ्या टेबलावरची जोडीदार